उत्पन्नाच्या दाखल्यावरचा आकडा



बारावीचा निकाल लागला की आपल्या चर्चच्या सभागृहात दर रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर एक टेबल मांडले जाते. शैक्षणिक साहाय्य निधीचे आम्ही चार-पाच जण तेथे बसतो. मुले येतात, आईवडील येतात. कुणाला महाडीबीटीवरचा अर्ज भरता येत नाही, कुणाचे बँक खाते आधारला जोडलेले नसते, कुणी जन्माचा दाखला घेऊन येतो आणि लागतो अधिवासाचा. ही कामे आम्हाला जमतात. यंदा मात्र एका गृहस्थांनी असा प्रश्न विचारला की त्याचे उत्तर आमच्याजवळ तयार नव्हते, आणि आजही ते पुरते सापडले आहे असे नाही. त्यांची परवानगी घेऊन आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदलून तो प्रश्न आम्ही आपल्यापुढे मांडत आहोत. ते कोण, याचा शोध कृपया कुणी घेऊ नये.

हे गृहस्थ एका कारखान्यात मशीनवर काम करतात. नोकरीला पंचवीस वर्षे होऊन गेली. मुलाला इंजिनिअरिंगला सरकारी प्रवेश फेरीतून जागा मिळाली. कॉलेज खाजगी, शिक्षण शुल्क वर्षाला १,२०,००० रुपये. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत अशा मुलाचे निम्मे शुल्क सरकार भरते. अट अशी की कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवे. यांचा फॉर्म १६ पाहिला तर आकडा निघाला ८,१७,०००. वरचे सतरा हजार कोठून आले? मुलाच्या फीची तजवीज व्हावी म्हणून त्यांनी वर्षभर ओव्हरटाइम केला होता, त्याचे चाळीस हजार त्यात होते. चाळीस हजार जादा कमावले म्हणून साठ हजारांची सवलत गेली. चार वर्षे असेच चालले तर दोन लाख चाळीस हजार.

ते आमच्याकडे पैसे मागायला आले नव्हते. म्हणाले, "बाहेर एक जण अडीच हजारांत साडेसात लाखांचा दाखला काढून देतो म्हणतो. फादरांना विचारायचा धीर होत नाही, म्हणून तुम्हाला विचारतो. हे पाप आहे का?"

प्रश्न सोपा वाटतो. सातवी आज्ञा आहे, आठवी आज्ञा आहे. पण टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसाला आज्ञेचा नुसता क्रमांक सांगून चालत नाही. शिवाय ज्या गावात आपण राहतो त्या गावाचे चित्र त्यांनाही दिसते. तेच पुढे म्हणाले, "आमच्या आळीत ज्यांच्या दारात दोन गाड्या उभ्या आहेत त्यांच्या दाखल्यावर बहात्तर हजार लिहिलेले आहे. माझे सगळे कंपनीने छापून दिले, मला लपवता येत नाही. खरे बोलायची सक्ती फक्त पगारदारालाच का?"

या बोलण्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणू शकलो नाही. आपल्या भागात उत्पन्न ही गोष्ट मोठी विचित्र झाली आहे. वाडीचे उत्पन्न, दुधाचे, फुलांचे, भाजीचे उत्पन्न रोखीने येते आणि रोखीने जाते. ते कागदावर किती लिहायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे. ज्यांच्या जमिनी विकल्या गेल्या त्यांचा पैसा मुदत ठेवीत असतो, कुणाच्या चाळीतल्या खोल्या भाड्याने असतात. तलाठ्याच्या अहवालात मात्र "शेती" एवढेच येते. उलट, सातबाऱ्यावर नाव आहे, पण वाडीतून हातात काही पडत नाही, अशीही घरे आपल्यात आहेत. बाहेरचा माणूस त्यांना जमीनदार समजतो, आणि घरात मुलाच्या परीक्षा फीला पैसे नसतात. तेव्हा गाडी पाहून किंवा गाडी नाही हे पाहून न्याय करू नये, हे आम्ही आधी स्वतःलाच बजावतो.

एक गंमत (खरे तर गंमत म्हणू नये) आमच्या लक्षात आली आहे. आकडा कमी करून लिहिणाऱ्या पुष्कळांना त्याची गरजच नसते. फी सवलतीसाठी एक लाख उत्पन्नाची मर्यादा होती ती २०१६ पूर्वी. आज ती आठ लाख आहे. पन्नास लाख रुपये बँकेत सात टक्क्यांनी ठेवले तरी वर्षाचे व्याज साडेतीन लाखच होते. वाडीचे खरे उत्पन्न त्यात मिळवले तरी बरीच कुटुंबे मर्यादेच्या आत बसतात. पण केशरी शिधापत्रिका टिकावी म्हणून एक लाखाच्या आतला आकडा सांगायची सवय एकदा लागली, आणि ती बापाकडून मुलाकडे आली. आता स्वयंघोषणापत्रावर सही मुलगा करतो. अठरा वर्षांच्या मुलाची ही कदाचित पहिली सरकारी सही. दिलेली माहिती खरी आहे असे त्या कागदावर लिहिलेले असते, आणि ती खरी नाही हे मुलाला माहीत असते. कॉलेजच्या पहिल्या दिवसाआधीचा हा त्याचा पहिला धडा.

"सरकारचा पैसा आहे, कुणाचे काय जाते?" असेही आम्हाला ऐकवले जाते. शाहू महाराज योजनेत जो पात्र त्याला सवलत, तेथे ठरावीक जागा नसतात. त्यामुळे आपण कुणाचा घास काढून घेत नाही असे वाटणे स्वाभाविक आहे. पण सर्व योजना अशा नसतात. २००७-०८ पासून केंद्र सरकारने अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी ज्या शिष्यवृत्त्या चालवल्या त्यांत संख्या ठरलेली होती, आणि दहावीनंतरच्या शिष्यवृत्तीत निवड करताना गुणांपेक्षा गरिबीला अधिक वजन दिले जाई. तेथे ज्याने खोटा आकडा लिहिला तो वर गेला आणि खरा लिहिणारा खाली सरकला. त्याच शिष्यवृत्त्यांचे पुढे काय झाले हे आपण वर्तमानपत्रांत वाचले. ऑगस्ट २०२३ मध्ये अशी माहिती बाहेर आली की तपासलेल्या १,५७२ संस्थांपैकी ८३० बनावट किंवा बंद होत्या, आणि पाच वर्षांत सुमारे १४४ कोटी रुपये त्यांच्या नावाने गेले. प्रकरण केंद्रीय अन्वेषण विभागाकडे, म्हणजे सीबीआयकडे सोपवले गेले. टोळ्यांनी केलेली लूट आणि एका बापाने कमी केलेला आकडा यांना आम्ही एका तराजूत घालत नाही. पण खोट्या कागदांचा बाजार भरला की तपासणी कडक होते, पैसे अडकतात, आणि त्याचा फटका खऱ्या गरजू मुलाला बसतो, हे तर खरे ना?

आमच्या चर्चेत एकाने हनन्या आणि सप्पीरा यांची गोष्ट काढली. ती आपण लहानपणापासून ऐकतो आणि तिच्यातल्या शिक्षेला घाबरतो. जमीन विकणाऱ्या आपल्या गावासाठी ती जणू मुद्दाम लिहिली असावी. नवराबायकोने जमीन विकली, काही रक्कम मागे ठेवली आणि उरलेली हीच पूर्ण किंमत असे सांगून प्रेषितांच्या चरणी ठेवली. पेत्र त्यांना काय म्हणतो हे नीट वाचावे. पैसे ठेवून घेतले म्हणून तो रागावत नाही. जमीन तुमचीच होती, विकल्यावर पैसेही तुमच्याच हाती होते, असे तो स्पष्ट म्हणतो. त्यांचा अपराध एवढाच की अर्ध्याला पूर्ण म्हणून सांगितले. दाखल्यावरच्या आकड्याचेही तसेच आहे. चांगले उत्पन्न असणे हा दोष नव्हे. बहात्तर हजार म्हणजे सगळे, असे सांगणे हा दोष.

एवढ्यावर आम्ही थांबणार होतो. मग त्याच व्यक्तीने प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचे एक पान मागे उलटायला सांगितले. हनन्याची गोष्ट पाचव्या अध्यायात येते. चौथ्याच्या शेवटी लिहिले आहे की त्या मंडळीत गरजवंत असा कुणीच उरला नव्हता, कारण ज्यांच्या जमिनी आणि घरे होती ते विकून पैसे आणून देत आणि ज्याला जशी गरज तसे वाटले जाई. सायप्रसचा बर्णबा तेथेच भेटतो, शेत विकून आलेला. म्हणजे पेत्राने खऱ्याचा आग्रह धरला तो कोणत्या मंडळीत? जेथे खरे बोलल्याने कुणी उपाशी राहणार नव्हते त्या मंडळीत.

हे वाचल्यावर आम्ही काही वेळ गप्प बसलो. कारण त्या गृहस्थांना आम्ही आधीच उत्तर देऊन बसलो होतो. आम्ही त्यांना म्हटले होते, हो, ते चुकीचे आहे, करू नका. ते म्हणाले, "बरे, मग खरे तेच लिहितो. पण साठ हजार कोठून आणू तेही तुम्हीच सांगा." आणि आपल्या निधीची नियमावली उघडून पाहिली तर तेथे तीन लाखांची मर्यादा. सरकारच्या दारातून ते सतरा हजारांनी परत आले, आणि आपल्या दारातून तर पाच लाखांनी. सत्य सांगा हा उपदेश आम्ही केला. त्याची किंमत सर्वस्वी त्यांच्यावर टाकली.

आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की सत्याला किंमत असतेच, ख्रिस्ती माणसाने ती मोजावी, निधी हा अगदी गरिबांसाठी आहे. हे म्हणणे हलके नाही. ज्या विधवा आईची मुलगी नर्सिंगला आहे तिच्या वाट्यातून काढून आठ लाख कमावणाऱ्याला द्यायचे का? त्या आईपुढे आम्ही काय तोंड दाखवणार? पण दुसऱ्या बाजूने असेही दिसते की उपदेश करणाऱ्याला त्याचा खर्च कधी येतच नसेल तर तो उपदेश फार स्वस्त होतो, आणि लोकांनाही ते कळते. म्हणून तर ते दाखल्याचे विचारायला चर्चमध्ये सहसा येत नाहीत, बाहेर झाडाखाली बसलेल्या माणसाकडे जातात.

जे मागतात त्यांच्याविषयी इतके लिहिले. जे मागत नाहीत त्यांचे काय? काही वर्षांपूर्वीपर्यंत आपण फेस्ताच्या दिवशी व्यासपीठावर बोलावून मुलांना निधीचे चेक देत होतो, फोटो काढत होतो, नावे याच पत्रिकेत छापत होतो. देणाऱ्यांना उत्साह यावा हा हेतू. त्या काळात एका मुलीने दुसऱ्या वर्षी अर्जच केला नाही आणि कॉलेज सोडून दुकानात नोकरी धरली, हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळले. व्यासपीठावर पुन्हा जायचे नाही, एवढेच तिने घरी सांगितले होते. उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू नये, हे शुभवर्तमान आपण दर राखेच्या बुधवारी ऐकतो. आता नावे छापत नाही. ती मुलगी मात्र परत कॉलेजात गेली नाही. ही चूक आमची होती, दुसऱ्या कुणाची नव्हे.

मागणे आणि लबाडी यांचे नाते आम्हाला येथे दिसते. जेथे उघड मागणे लाजिरवाणे असते तेथे माणूस चोरून मिळवणे पसंत करतो, किंवा मुकाट्याने सोडून देतो. शिष्यवृत्ती ही भीक नव्हे. ती करातून आलेली, कायद्याने ठेवलेली तरतूद आहे. पात्र असेल त्याने ताठ मानेने घ्यावी. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, तरी "आपल्याला कशाला हवे सरकारचे" म्हणून अर्ज न करणारी घरेही आपल्यात आहेत. हा स्वाभिमान आम्हाला नीट समजत नाही. मुलीचे शिक्षण थांबले तर स्वाभिमानाचे काय करायचे?

मिळालेल्या पैशाचेही थोडे सांगायला हवे. काही योजनांत रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होते, आणि तीही उशिरा, कधी वर्ष उलटल्यावर. तोपर्यंत फी कशीबशी भागवलेली असते, आणि अचानक खात्यात तीस-चाळीस हजार दिसतात. एका मुलाने त्यातून मोबाइल घेतला. कॉलेजची बाकी तशीच राहिली आणि परीक्षेचा अर्ज भरताना रडारड झाली. मुलाला चोर म्हणायचे का? आम्ही म्हणत नाही. पैसा कशासाठी आहे हे त्याला घरी कुणी सांगितलेच नव्हते. फीसाठी आलेला पैसा फीचाच, मग तो कुणाच्याही खात्यात असो, हे आईवडिलांनी मुलाला आधीच सांगून ठेवावे. आणि दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज वेळेवर करावा. पहिल्या वर्षी धावपळ करून मिळवलेली सवलत दुसऱ्या वर्षी निव्वळ आळसाने घालवलेली आम्ही पाहिली आहे.

कर्जाविषयी घरोघर भीती आहे आणि ती अगदीच अनाठायी नाही. पण कर्ज म्हणजे कलंक असेही नाही. १९१८ साली आपल्या पूर्वजांनी वसईत पतपेढी काढली, तीच आजची बॅसीन कॅथोलिक बँक. सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून एकमेकांच्या विश्वासावर कर्ज देण्या-घेण्याची ती सोय होती. आज बँकांच्या शैक्षणिक कर्जाला साडेसात लाखांपर्यंत साधारणतः तारण लागत नाही. अभ्यासक्रम संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता भरावा लागत नाही, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढते. पुष्कळ मुलांना हे हप्ता सुरू झाल्यावर कळते. पालकांचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर ठरावीक व्यावसायिक व तांत्रिक अभ्यासक्रमांसाठी त्या काळातले व्याज केंद्र सरकार भरते. ही योजना २००९ पासून आहे, ती बँकेत आवर्जून विचारावी. कर्जावर सही मुलाची आणि पालकांची दोघांची असते. "तू फक्त अभ्यास कर, कर्जाचे आम्ही बघू" असे प्रेमाने म्हणणारे आईवडील मुलाला त्याच्याच वचनापासून दूर ठेवतात, असे आम्हाला वाटते. कागद त्याला वाचू द्या. रक्कम किती, व्याज किती, हप्ता किती, हे त्याच्या तोंडून एकदा म्हणवून घ्या.

ज्यांनी मागे खोट्या आकड्यावर सवलत घेतली त्यांनी काय करावे, असेही एका आईने विचारले. जक्कयाने चौपट परत देण्याचे वचन दिले. आपल्या धर्मशिक्षणात चोरीची कबुली पुरेशी नसते, भरपाईही करायची असते. सरकारला पैसे परत कसे करायचे हे अवघड असेल, पण पुढच्या वर्षीचा अर्ज खऱ्या आकड्याने भरणे किंवा न भरणे हे हाती आहे, आणि तेवढीच रक्कम गरजू मुलाच्या फीसाठी गुपचूप देणेही हाती आहे. बाकीचे प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी धर्मगुरूंशी बोलावे. तो आमचा अधिकार नाही.

राहिला आपल्या निधीचा प्रश्न. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांना घेऊन जे काम सुरू केले, त्यातून संत व्हिन्सेंट डी पॉल संस्था उभी राहिली. त्यांची रीत गरजवंताच्या घरी जाऊन भेटण्याची होती. १९९७ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी ओझानाम यांना धन्यवादित घोषित केले. आम्हालाही वाटते की दाखल्यावरच्या आकड्याऐवजी घरी जाऊन बोलावे: किती माणसे खाणारी, औषधपाणी किती, कर्ज किती, खरी फी किती. अर्थात घरी गेले की फ्रिजकडे आणि टीव्हीकडे पाहण्याचा मोह होतो, आणि तेही एक प्रकारचे व्यासपीठच. आमच्यातल्या एकाने सुचवले आहे की जो जाईल तो दुसऱ्या वॉर्डातला असावा, आणि पाहिलेले घरी बायकोलाही सांगू नये. हे जमेल का, याबद्दल बायकांनीच शंका काढली.

तसेच, खरा आकडा लिहिल्यामुळे ज्याची सवलत थोडक्याने गेली त्याच्या नुकसानीतला काही वाटा पहिल्या वर्षापुरता निधीने उचलावा, असा एक प्रस्ताव आहे. त्यासाठी अगदी गरीब मुलांचा पैसा वापरायचा नाही. वेगळी वर्गणी काढायची. ज्यांच्या जमिनी विकल्या गेल्या आहेत त्यांनी याचा विशेष विचार करावा, अशी आमची विनंती आहे. ती करताना आम्हाला संकोच वाटतो, कारण आमच्यापैकी दोघांच्या जमिनीही विकल्या गेल्या आहेत.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर सभागृहात यावर बोलण्यासाठी बैठक आहे. प्रस्ताव मान्य झाला नाही तरी चालेल. पण ज्यांना तो मान्य नाही त्यांनी तेथे येऊन तसे सांगावे, कट्ट्यावर नको. ते गृहस्थही येणार आहेत, इतरांसारखेच मागच्या बाकावर बसतील. दाखला त्यांनी काढला आहे, फॉर्म १६ प्रमाणे. फीचा दुसरा हप्ता डिसेंबरात भरायचा आहे, आणि ओव्हरटाइम त्यांनी बंद केलेला नाही.